नॅचरल, नितळ आणि जिल्हई

पिरंगुट मागे टाकून पौडच्या दिशेने निघालं की कासार आंबोली लागतं. मुळशीच्या रस्त्यावरचा हा सगळा पट्टा आता अर्धा कारखान्यांचा आणि अर्धा बंगल्यांचा झाला आहे. कारखान्यांत परदेशी यंत्रं उतरतात ती फिकट लाकडाच्या खोक्यांतून, आणि बंगल्यांना हवं असलेलं फर्निचरही आताशा फिकट लाकडाचंच असतं. मग मधला सुतार खोकी फोडतो, खिळे उपसतो, रंधा मारतो आणि त्या फळ्यांतून टेबल, बाक, पुस्तकांची मांडणी उभी करतो. काम संपत आलं की घरमालक एक वाक्य बोलतो : “पॉलिश नॅचरल करा.”

सुतार मान डोलावतो, पॉलिशवालाही डोलावतो, पण तिघांच्या डोक्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात. मालकाला लाकूड रंधा मारल्यावर दिसलं तसंच कायम दिसायला हवं आहे. सुताराच्या लेखी नॅचरल म्हणजे अक्रोडी किंवा सागवानी रंग न चढवता. पॉलिशवाल्याच्या लेखी नॅचरल म्हणजे नेहमीचाच डबा, फक्त त्यात काही न मिसळता. पुढे वर्षभरात टेबल मधासारखं पिवळं पडतं आणि कुरबूर सुरू होते. तिघांपैकी खोटं कुणीच बोललेलं नसतं. घोळ शब्दाने घातलेला असतो.

घोळाचं कारण जुनं आहे. लाकडावर चढवायच्या लेपांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही : रोगण आहे, लाख आहे, चंद्रस आहे, व्हार्निश आहे, पॉलिश आहे. पण यातल्या जुन्या शब्दांत एकही बिनरंगी नाही. प्रत्येकाच्या पोटात आपापला रंग मुरलेला आहे, आणि तो पुढे लाकडात उतरतो. आपल्याकडे लाकूड म्हणजे साग आणि शिसव. गाभ्याबाहेरचं पांढरं लाकूड कुणी पलंगाला लावलं तर ते फसवणुकीत जमा होई. जे दाखवायचंच नव्हतं ते जसंच्या तसं टिकवणारा लेप हवा कुणाला, आणि त्याला नाव कोण ठेवणार?

कासार आंबोली या गावाच्या नावातला कासार म्हणजे कांस्यकार, काशाचं काम करणारा. मराठी मुलखात त्याच्याकडे बांगड्याही आल्या. (संस्कृतात कासार म्हणजे तळंही. मुळशीचा पाऊस पाहता तो अर्थ कुणी लावला तर त्याला हसू नये.) कासाराच्या पितळी पातेल्याला आतून कल्हई लागते, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो. ही कल्हई अरबीतली. अरबी कलई म्हणजे कथील. मलायाच्या किनाऱ्यावरच्या कलह नावाच्या बंदरातून हे कथील येई म्हणून धातूला बंदराचं नाव चिकटलं, असं कोशकार सांगतात. भांड्याचा लेप असा गावावरून ओळखला गेला. लाकडाच्या लेपाचंही तेच झालं आहे, पण त्याआधी लाकडाकडे वळू.

खोक्याच्या त्या फिकट लाकडाला आपल्याकडे सर्रास देवदार म्हणतात. देवदारी खोकं, देवदारी फळी. खरा देवदार हिमालयातला, सुगंधी, देवळांना वापरला जाणारा, म्हणूनच तर देवांचं दारु. आपल्या खोक्यांत असतो तो बहुतेक वेळा परदेशी पाइन किंवा त्याचा एखादा भाऊबंद. देवांचं लाकूड असं मालाच्या गोदामात येऊन पडलं याची मौज वाटते, पण नाव अगदीच वाया गेलेलं नाही. दोन्ही झाडं एकाच सूचिपर्णी कुळातली आहेत.

दारु म्हणजे लाकूड. ग्रीकमधला भाल्याचा शब्द दोरू आणि इंग्रजी ट्री हे त्याचेच दूरचे नातलग. दारुहळदीत तो अजून शिल्लक आहे : जिचं लाकूडच हळदीसारखं पिवळं ती दारुहळद. दीर्घ ऊकाराची दारू मात्र फारसीतून आली. तिथे तिचा अर्थ औषध, मग मद्य, आणि तोफेत भरायची तीही दारूच. ऱ्हस्व आणि दीर्घ एवढ्यावरून वेगळ्या मानलेल्या या दोन शब्दांत गंमत अशी की फारसी दारूचं मूळही ‘दार’ म्हणजे झाड याच शब्दात आहे, असं इराणी भाषांचे अभ्यासक मानतात. पहिली औषधं झाडपाल्याचीच होती. लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये विरघळवून देवदारी फळीवर लावणारा कारागीर त्यामुळे नकळत दारुवर दारूच चोळत असतो.

खोक्याच्या फळीवर एक शिक्का असतो, तो पाहून घ्यावा. गव्हाच्या लोंबीसारखी खूण आणि शेजारी अक्षरं. एचटी असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटं तापवलेलं आहे. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे. ते घरात आणू नये, मग वरून लेप कितीही चांगला असो.

आता लेपांकडे. रोगण हा शब्द फारसी, मूळ रौगन, आणि त्याचा अर्थ सरळ तेल किंवा तूप. रोगनजोश या काश्मिरी पदार्थातलं रोगन तेच, हकिमाचं रोगन-ए-बादाम तेच, आणि कच्छमधल्या निरोणा गावची रोगन कलाही तीच. तिथे एरंडेल तासन्‌तास उकळून त्याचा दाट चिकट लगदा करतात आणि त्यात रंग मिसळून कापडावर नक्षी काढतात. मराठीत रोगण लाकडावर येऊन बसलं आणि तेलाचा अर्थ हळूहळू विसरलं. पण तेल मात्र लाकूड विसरत नाही. आपल्याकडे दाराला तेल ‘पाजतात’. क्रियापद अगदी नेमकं आहे, कारण तेल वर बसत नाही, आत जातं. हे तेल बहुधा जवसाचं. जवसाला दुसरं नाव अळशी, ते संस्कृत अतसीवरून. जवसाचं तेल वाळतं म्हणजे उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं, आणि त्या घट्ट होण्यातच पिवळं पडतं. सागावर हा पिवळेपणा श्रीमंती दाखवतो. पाइनवर, ॲशवर किंवा आपल्या शिवणीच्या फिकट लाकडावर मात्र तो डाग वाटतो. बंद कपाटात, जिथे उजेड नाही, तिथे तर हे तेल जास्तच पिवळं होतं. (जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. प्राणवायू घेताना ती तापतात आणि आपोआप पेटतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवा.)

लाखेबद्दल लिहायला बसलं की हात आवरत नाही. संस्कृत लाक्षा, प्राकृत लक्खा, मराठी लाख. दुसरीकडे संस्कृत लक्ष, प्राकृत लक्ख आणि मराठीत पुन्हा लाख. दोन वेगळे शब्द प्राकृताच्या घाटातून उतरले आणि पायथ्याशी एकाच रूपात भेटले. लाखो किडे मिळून लाख करतात म्हणून तिचं नाव लाख, हा खुलासा ऐकायला गोड आहे. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर तो किडा खरोखर दाटीवाटीने बसतो. पण शब्दांची वाट त्या खुलाशातून जात नाही. लाक्षेवर अथर्ववेदात एक सूक्त आहे. जखम भरून काढणारी म्हणून तिची तिथे स्तुती आहे. पांडवांसाठी बांधलेलं घर लाक्षागृह, आणि त्याचं दुसरं नाव जतुगृह. हा जतु म्हणजेही लाख किंवा चिकट रस. तो मराठीत एकटा उरला नाही, पण शिलाजतुचं शिलाजीत झालं, त्यात तो दडून बसला आहे. पत्रावर लाखेची मोहोर उठवली की तो लाखोटा. बालगंधर्वांच्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्याही लाखेच्याच होत्या. रांचीजवळ नामकुम इथे १९२४ साली लाखेच्या संशोधनाची संस्था उभी राहिली, तेव्हा जगभरच्या ग्रामोफोन कंपन्यांना भारतीय लाख लागत होती.

लाख पातळ पत्र्यासारखी ओढून तिचे तुकडे करतात, त्यांना चपडी म्हणतात. चपटी ती चपडी. फ्रेंचांनी याच चपट्या तुकड्यांना खवले म्हटलं, इंग्रजांनी तेच उचलून शेलॅक केलं. लाखेचा प्रवास तिथेही थांबला नाही. जपान-चीनमधल्या एका झाडाचा चीक वापरून केलेल्या चकचकीत कामालाही युरोपने लाखेवरूनच लॅकर हे नाव दिलं. त्या चिकाचा आपल्या किड्याशी काडीचा संबंध नाही. आणि आज नायट्रोसेल्युलोजच्या डब्यावर लॅकर लिहिलेलं असतं, त्याचा तर दोघांशीही नाही.

लाख तिच्या मूळ रूपात तांबूस. आळता लाखेच्या रंगाचा असे. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या गोळ्याने घासत लावली की फिकट लाकडावर नारिंगी छटा येतेच. विरंजन केलेली पांढरी लाख मिळते, मेण काढून टाकलेली मिळते. ती बरीच फिकट असते, पण पूर्ण बिनरंगी नाही. लाखेचा एक गुण मात्र पाइनवाल्यांनी विसरू नये. या लाकडाच्या गाठींमधून राळ पाझरत राहते आणि वरचा लेप चिकट करते, तपकिरी करते. त्या गाठींवर आधी लाखेचा एक हात मारला तर राळ आतच राहते. दोष असा की गरम चहाचा कप ठेवला की लाखेवर पांढरं कडं उमटतं. जेवणाच्या टेबलाला म्हणून लाख नको.

‘एक हात मारला’ असं मी आत्ता लिहून गेलो. रंगाऱ्यांच्या बोलीत थराला हात म्हणतात : दोन हात अस्तर, तीन हात रंग. कोटापेक्षा हा शब्द मला पुष्कळ बरा वाटतो, कारण त्यात करणारा दिसतो. अस्तरही फारसीच. शिंप्याकडून रंगाऱ्याकडे आलं, आत राहून बाहेरच्याला धरून ठेवण्याचं काम तेच राहिलं.

तळकोकणात दुसरी आंबोली आहे, घाटावरची. तिच्या पायथ्याला सावंतवाडी. तिथल्या चितारआळीत लाखकामाची खेळणी होतात, आणि त्यांचं पारंपरिक लाकूड पांगाऱ्याचं, हलकं आणि पांढुरकं. फिकट लाकडाचं आपल्याकडचं हे जुनं आणि अस्सल उदाहरण. पण तिथे लाकूड दिसू देण्याचा प्रश्नच नाही. केळी, पेरू, पाट, गंजिफांचे डबे, सगळं लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत नखशिखांत बुडवलेलं. फिकटपणा तिथे कामी येतो तो रंग उजळ बसावा म्हणून.

चंद्रस हा या घराण्यातला सगळ्यात देखणा शब्द. चंद्राचा रस! वाटतं, हाच तो आपल्याला हवा असलेला शीतल, पांढरा, बिनरंगी लेप. पण हा फारसी सांदरूस. ग्रीकांकडे सांदराके, तिकडून इकडे येताना कुणीतरी त्याला संस्कृतचं धोतर नेसवलं. बाजारात चंद्रस म्हणून जो राळेचा प्रकार विकला जाई त्यात झांजिबारहून येणारा कोपलही असे. मुंबई बंदरातून तो साफ होऊन पुढे जाई. जवसाच्या तेलात शिजवून त्याचं व्हार्निश करत, आणि ते चंद्रासारखं मुळीच नसे, चांगलं तांबूस-पिवळं असे. लोकव्युत्पत्तीवर विश्वास ठेवून डबा घेतला असता तर फसगत झाली असती.

व्हार्निशचं गाव आफ्रिकेत आहे. इंग्रजी शब्द फ्रेंच व्हर्नीवरून, तो मध्ययुगीन लॅटिनमधल्या व्हर्निक्सवरून, आणि त्याच्यामागे बहुतेक कोश बेरेनिके नावाच्या शहराकडे बोट दाखवतात. तिथून ती सुगंधी राळ येई. शहराला नाव एका राणीचं, आणि आज त्याच शहराला बेनगाझी म्हणतात. कल्हई कलहची, व्हार्निश बेनगाझीचं. माल कुठून आला एवढंच नाव सांगतं. तो लाकडावर काय करील हे सांगत नाही.

नव्या डब्यांवरची नावं आणखी बेभरवशाची. डुको हे डु पाँट कंपनीने १९२० च्या दशकात मोटारींसाठी काढलेल्या रंगाचं नाव. आज आपला कारागीर लाकूड पूर्ण झाकणाऱ्या कुठल्याही गुळगुळीत रंगाला डुको म्हणतो. मेलामाइन कडक असतं, स्वस्त पडतं, लवकर सुकतं, लावताना डोळे चुरचुरतात, आणि फिकट लाकडावर वर्षागणिक पिवळं पडतं. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, हा सगळ्यांत महाग म्हणून सगळ्यांत शुद्ध, असा समज आहे. पण पीयूत दोन जाती आहेत. ॲरोमॅटिक जात उन्हाने पिवळी होते, ॲलिफॅटिक होत नाही. आणि इथे शब्दांनी माझीच फिरकी घेतली. रोगणापासून मी सांगत आलो की तेल नावात असलं की पिवळेपणा आलाच. पण ॲलिफॅटिक हा शब्द ग्रीक आलेइफार म्हणजे तेल, उटणं यावरून आलेला आहे! नावाने तेलकट असलेलाच पिवळा न पडणारा निघाला. व्युत्पत्ती वाट दाखवते ती एका वळणापर्यंत. पुढे डब्यामागची बारीक अक्षरं वाचावी लागतात.

मग या बिनरंगी लेपाला म्हणायचं काय? क्लिअर हा शब्द दुकानात चालतो, पण तो डब्यातल्या द्रवाबद्दल बोलतो, सुकल्यानंतरच्या दहा वर्षांबद्दल नाही. पारदर्शक पुस्तकी आहे, आणि हल्ली तो कारभाराच्या मागे जास्त लागतो. खरं तर आपल्याकडे स्वच्छ होता. संस्कृतात अच्छ म्हणजे ज्याच्या आरपार दिसतं असं, स्फटिक किंवा पाणी, आणि सु-अच्छ तो स्वच्छ. हिंदीतला अच्छा त्याच घरातला मानतात. पण मराठीत स्वच्छच्या हाती झाडू आला आणि त्याचा हा अर्थ गेला. आज कुणी स्वच्छ पॉलिश मागितलं तर पॉलिशवाला फडकं घेऊन धूळ पुसेल. निवळ हा निर्मलाचा घरगुती अवतार. गढूळ पाणी ज्या बियांनी साफ करत त्या झाडाला मराठीत निवळी आणि हिंदीत निर्मली म्हणतात. पण ‘निवळ थापा’ म्हणू लागल्यापासून त्याचीही पत गेली. उरतो नितळ. पाणी नितळ, कांती नितळ. तळ दिसू देणारा असा भास त्यात होतो, आणि लाकडाच्या लेपाला याहून जास्त काय हवं असतं? नितळ लेप, नितळ पॉलिश. मागून पाहायला हरकत नाही.

माझी पसंती मात्र एका विसरलेल्या शब्दाला आहे : जिल्हई. कल्हईशी यमक जुळवणारा हा शब्दही अरबीच. (जिल्ह्याशी त्याचं नातं नाही. जिल्हा आला तो अरबी ‘बरगडी, बाजू’ या अर्थाच्या शब्दावरून.) जुन्या मराठीत शस्त्राला जिल्हई देत, मोत्याची जिल्हई वाखाणत. अरबीत या धातूचा अर्थ गंज काढून चकाकवणं तर आहेच, पण उघड करणं, पडदा बाजूला सारणंही आहे. नववधूचा चेहरा पहिल्यांदा दाखवण्याच्या विधीचं नाव याच धातूवरून पडलं, आणि हिंदी सिनेमाने घरोघरी पोचवलेला जलवाही इथलाच. याच्याशेजारी मुलामा ठेवून पाहा. तोही अरबी, त्याचाही अर्थ चकाकी, पण मुलामा वरून चढवतात आणि खालचं झाकतात. जिल्हई असलेलंच उघडं करते. डुको हा मुलामा. फिकट लाकडाला हवी ती जिल्हई.

शब्द निवडून झाला तरी टेबल उभंच आहे, म्हणून तेवढं सांगून टाकतो. फिकट लाकूड फिकट ठेवायचं असेल तर पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक किंवा ॲलिफॅटिक पीयू घ्यावं. डब्यातून निघताना हे दुधासारखं पांढरं दिसतं आणि मालक घाबरतो. सुकल्यावर ते नितळ होतं. पाण्यामुळे पहिल्या हातानंतर लाकडाची लव उभी राहते, ती ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने उतरवावी आणि मगच पुढचा हात मारावा. घासायला लोखंडी तारांचा बोळा वापरू नये, अडकलेला कण पुढे गंजतो आणि ठिपका पडतो. पॉलिशवाला कुरकुरेल, म्हणेल लाकूड मेल्यासारखं दिसतंय, तेलाची ऊब नाही. त्याचं म्हणणं खरं आहे. बिनरंगी लेप लाकडाला खोली देत नाही. ऊब हवी असेल तर पिवळेपणा स्वीकारावा लागतो, आणि काही लाकडांवर तो शोभतोही. मेणाने रंग फारसा बदलत नाही, पण पाण्यापासून आणि तेलकट बोटांपासून ते जेमतेमच राखतं. शोभेच्या चौकटीला चालेल, जेवणाच्या टेबलाला नाही.

आणि पाइन तर नुसत्या उन्हानेही पिवळं पडतं, वर काहीही न लावता. उन्हातले अतिनील किरण अडवणारा लेप हा वेग कमी करतो, थांबवत नाही. म्हणून उरलेल्या तुकड्यावर दोन-तीन लेप शेजारी शेजारी लावून घ्यावेत, अर्धा तुकडा पुठ्ठ्याने झाकावा आणि काही आठवडे खिडकीत ठेवावा. नंतर ऑर्डर द्यावी.

पॉलिशवाल्याशी बोलताना ‘नॅचरल’ म्हणू नका. “पिवळं न पडणारं, पाण्यातलं, मॅट” एवढं सांगा आणि डबा उघडण्याआधी मागची अक्षरं वाचून घ्या. आणि काम पावसाळ्यात काढू नका. स्पिरिट-थिनरच्या पॉलिशवर दमट हवेत पांढरट धुकं धरतं, पाण्यातलं तर सुकायचं नावच घेत नाही. मुळशीत जून ते सप्टेंबर हे चार महिने पॉलिशसाठी सुटीचेच समजा.